परमिट रूममधलं भूत

इंग्लंडातल्या यॉर्क शहरात १९७३ पासून संध्याकाळी भुतांची फेरी निघते. वाटाड्या पुढे, पर्यटक मागे, आणि वाटेतल्या जुन्या वास्तूंमधलं कोण कसं मेलं नि अजून कुठल्या जिन्यावर दिसतं, याच्या कथा. गोल्डन फ्लीससारखी तिथली शतकांची मद्यालयं या भुतांच्या नकाशावर पहिल्या रांगेत आहेत. पुढे ही टूम जगभर गेली. बऱ्याच ठिकाणी तर भुतांपेक्षा बारच जास्त असतात फेरीत.

मलकापुरात अशी फेरी काढली तर वाटाड्याला घसा कोरडा करावा लागणार नाही. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्याला लागायचं आणि बांबवड्यापासून आंब्यापर्यंत पाट्या वाचत जायचं. भुताचं नाव तिथे ठळक अक्षरांत रंगवलेलं असतं: ‘बियर बार अँड परमिट रूम’.

हे भूत १९४९ चं. मलकापूर तोवर विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचं गाव. १८४४ च्या बंडानंतर इंग्रजांनी गड मोडला आणि गादी खाली इथे आली. जहागीर कोल्हापूर संस्थानच्या हाताखाली, आणि संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. त्याच वर्षी मुंबई दारूबंदी अधिनियम आला. म्हणजे मलकापूरकरांना नवं सरकार आणि कोरड्या घशाचा कायदा एकाच सालात मिळाले. मुंबई शहराने ही चव आधी एकदा, १ ऑगस्ट १९३९ ला, डॉ. गिल्डर मंत्री असताना घेतली होती. १९५० च्या एप्रिलपासून बंदी राज्यभर झाली.

पण कायद्यात भोकं होती, आणि त्या भोकांतूनच आपली पाटी जन्मली. परदेशी पाहुण्याला परवाना, वकिलातीतल्या माणसाला परवाना, लष्करी मेसला सूट. फ्राम नसरवानजी बलसारा नावाच्या मुंबईकराने ‘त्यांना चालतं, मग मला का नाही’ असं म्हणत न्यायालय गाठलं. त्याच्या मागण्यांत व्हिस्की-ब्रँडीबरोबर यूडीकलोनही होतं! १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषधं आणि प्रसाधनांवरची बंदी उडवली, बाकी कायदा बहुतांशी राखला. मग उरला आरोग्याचा परवाना: प्रकृती राखण्यासाठी ज्याला मद्य लागतं, त्याला मिळणारा. आजही महाराष्ट्रात पिणाऱ्याकडे परवाना असावा असं कायदा म्हणतो. दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा. परमिट रूममध्ये बसलेला प्रत्येक जण कायद्याच्या लेखी तब्येत सांभाळतोय. आपल्याकडच्या बारबद्दल याहून विनोदी गोष्ट मला माहीत नाही.

आता खरा वाद ‘रूम’चा. परमिट समजलं, पण बार नाही, हॉल नाही, रूमच का? एक मत अमेरिकेकडे बोट दाखवतं. तिथे १९२० ते १९३३ दारूबंदी होती, चोरट्या खोल्यांत पिणं चालायचं, ती ऐट मुंबईने उचलली म्हणे. मला हे पटत नाही. चोरट्या अड्ड्याला पाटी नसते. आपल्याकडे तसा अड्डा होताच, चोरून दारू विकणाऱ्या आंटीचा. तिथे नवटाक मिळायची, पण दारावर काही लिहिलेलं नसायचं. परमिट रूम ही नेमकी उलटी गोष्ट, सरकारनेच मान्य केलेली जागा. दुसरं मत रेल्वेचं: वेटिंग रूम, रिफ्रेशमेंट रूम, तशीच परमिट रूम. यात तथ्य आहे; सरकारी इंग्रजीला खोल्यांची आवडच.

माझं मत मात्र असं की शब्द मोठ्या हॉटेलांतून खाली उतरला. ताजमधला हार्बर बार १९३३ चा. बंदी आल्यावर अशा हॉटेलांत परवानाधारकांनी प्यायचं ते इतर गिऱ्हाइकांपासून वेगळ्या खोलीत. ती खोली हीच मुळात कायद्याची कल्पना. साठच्या दशकात बंदी सैल झाली, १९७३ ला देशी दारूचे नियम आले, हमरस्त्यांवर विदेशी मद्याच्या एफएल-३ परवान्याची हॉटेलं फुटली, आणि पेंटरने कागदावरचा शब्द जसाच्या तसा पत्र्यावर उतरवला. ताजपासून मलकापूरपर्यंतचा हा प्रवास माझ्या अंदाजाने पेंटरांच्या ब्रशनेच झाला. ‘वाइन शॉप’ही तसंच, तिथे वाइन मागणारा माणूस मी क्वचितच पाहिलाय.

आणखी एक गोष्ट या खोलीतूनच आली असं मी छातीठोकपणे म्हणतो: अंधार. आपल्या बारमध्ये भर दुपारी दिवे मंद, काचा काळ्या, दारात पडदा. इंग्लंडात मद्यालयाच्या खिडकीशी बसून रस्ता बघत पितात, गोव्यात टेबल बाहेर मांडतात. दारूबंदीचा हा कायदा गोव्याने कधी पाहिला नाही, म्हणून तिथल्या पाट्यांवर ‘परमिट’ही नाही. आमच्याकडे पिणाऱ्याला लपवायची सवय खोलीने लावली. ‘फॅमिली रूम’ वेगळी, तीही याच खोलीची धाकटी बहीण.

या भुताला घालवायचा प्रयत्न उलट्या बाजूने झाला. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असं सांगितलं. २० हजारांपर्यंत वस्तीच्या ठिकाणी पुढे ते अंतर २२० मीटर झालं. १ एप्रिल २०१७ पासून कितीतरी बारच्या पाट्या राहिल्या आणि आत नुसता मिसळ-भजीचा धंदा. जुलैत न्यायालयाने नगरपालिकांच्या हद्दीला ही बंदी लागू नाही असा खुलासा केला. मलकापूर नगरपरिषदेचं गाव, त्यामुळे त्याची सोय झाली. रस्त्यावरच्या ग्रामपंचायतींच्या गावांना मात्र पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागलं, आणि तोवर आपल्या फेरीचे मधले काही थांबे खरोखरच भुतांचे होते.