घसारा

‘घसारा’ हा शब्द बँकेतल्या माणसाला आईच्या दुधाबरोबर मिळत नाही, पण बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाच्या चहाबरोबर नक्की मिळतो. यंत्र घ्यायचं, दरवर्षी दहा टक्के उतरवायचं, की दहाव्या वर्षी ते खातेवहीत वारलं! मग कारखान्यात ते धडधडत का असेना. ह्याच ज्ञानाच्या जोरावर मी चिरंजीवांच्या बोटीचं इंजिन मृत घोषित केलं आणि सासऱ्यांचा रोष ओढवून घेतला.

बोट म्हणजे हातभर लांबीची, शर्यतीची. रविवारी भरती बघून भाईंदर पूर्वेला जेसल पार्कच्या चौपाटीवर ती खाडीत सोडायची. इंजिन साडेतीन सी.सी.चं, पण आवाज असा की पुलावरच्या विरार फास्टने लाजावं. अलीकडे मात्र ती सुरू झकास व्हायची, तीन-चार मिनिटं पळायची आणि तापली की खाडीच्या मधोमध मौन धरायची. मग होडीवाल्याला हाक, त्याचे पैसे, वर चहाचे वेगळे. दुकानदार म्हणाला, “पिस्टन गेला. नवीन इंजिन घ्या.” किंमत ऐकून माझंच कॉम्प्रेशन गेलं.

“गेला म्हणजे? कोणी बघितला?” नाना पेपराआडून गरजले.

नाना रेल्वेत फिटर होते, वाफेच्या इंजिनांवर हात बसलेला. निवृत्तीनंतर घरात त्यांना विचारण्यासारखं एवढंच उरलं होतं, की दूध आलं का. त्या दिवशी मात्र त्यांनी पेपर खाली ठेवला आणि मला तीनशे वर्षं मागे नेलं.

“जावईबापू, पिस्टन आणि सिलिंडरच्या मधली फट हाच इंजिनाचा सगळा इतिहास!” १७१२ साली न्यूकोमेनने पिस्टनला कातडं लावून वर पाणी ओतलं, वाफ गळू नये म्हणून. जेम्स वॅटची कल्पना उत्तम, पण गोल सिलिंडरच मिळेना. चरबीत भिजवलेला दोर कोंबून तो वेळ निभावत होता. तोफांच्या नळ्या कोरणाऱ्या विल्किन्सनने आपल्या यंत्रावर त्याला सिलिंडर कोरून दिला, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. आणि १८५२ साली रॅम्सबॉटम नावाच्या रेल्वेच्याच माणसाने पिस्टनला फटीची, स्प्रिंगसारखी रिंग घातली. पुढच्याच वर्षी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. विरारहून मुंबईला लोकल १८६७ साली सुरू झाली आणि वीज विरारपर्यंत पोचली १९३६ साली. म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षं ह्या खाडीवरून माणसं पिस्टननेच ऑफिसला नेली. (उशिराचा शेरा तेव्हाही मिळत असणार.)

“रिंग झिजली की कळायचं कसं?” मी विचारलं.

“कानाने! धुराड्यातून भक्-भक् सुटी ऐकू यायला हवी. मध्ये सतत फुस्स ऐकू आलं, की वाफ पिस्टनला वळसा घालून पळतेय.”

पण ह्या चिमुकल्या इंजिनाला रिंगच नाही म्हटल्यावर नानाही क्षणभर गडबडले. पिस्टन ॲल्युमिनियमचा, बाही पितळेची, आतून क्रोम चढवलेली आणि वरच्या टोकाला किंचित निमुळती. थंड असताना पिस्टन वर पोचला की तिथे आवळला जातो. इंजिन तापलं की बाही फुलते आणि जोड बरोबर जमतो. नातवाने एवढं सांगताच नानांचा चेहरा उजळला. “म्हणजे थंडपणीच सैल असेल, तर तापल्यावर दारं सताड उघडी!”

मग तपासणी. आधी प्लगभोवती तेलाचा थेंब टाकून चाक फिरवलं. बुडबुडा नाही, म्हणजे गळती वॉशरमधून नव्हे. प्लग काढून आत दोन थेंब तेल सोडलं, प्लग लावून पुन्हा फिरवलं, तर दाब एकदम परत आला! मी आनंदाने ओरडलो, “बरं झालं की!”

“बरं कसलं? तेलाने फट बुजली. फट आहे, हे सिद्ध झालं.”

शेवटी प्लग काढून नानांनी चाक बोटाने हळूच फिरवलं, डोळे मिटून. वर पोचताना अडायला हवा तो पिस्टन लोण्यातून जावा तसा गेला. धुराच्या तोंडातून बॅटरी मारली, तर पिस्टनवर उभे ओरखडे.

“तेल कमी पडलंय. इंधनात काय असतं रे?”

“मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि एरंडेल, आजोबा.”

“मग सुई कोणी आवळली?”

घरात शांतता पसरली. इंधनाचे भाव बघून सुई दर रविवारी पाव फेरा आवळणारा काटकसरी गृहस्थ मीच होतो. इंधन वाचलं, त्याबरोबर एरंडेलही वाचलं, आणि पिस्टन कोरडा घासत राहिला.

नवं इंजिन लागलं नाही. पिस्टन आणि बाहीचा जोड नानांनी आपल्या पेन्शनमधून मागवला. नातू आता सुईला हात लावण्याआधी आजोबांना विचारतो. मी काठावर पिशवी धरून उभा असतो. सुईच्या जवळ जायची मला मनाई आहे.