'खरा' लिअर कुठला?

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये 'नटसम्राट'चा विषय निघाला. आमचा एक नाटकवेडा मित्र म्हणाला, "अरे, ते काही खरं 'किंग लिअर' नाही. त्यात कॉर्डेलियाच नाहीये!" मुद्दा बरोबर होता, त्यामुळे मी गप्प बसलो. (शिवाय चहा त्याने पाजला होता.) पण घरी आल्यावर किडा वळवळायला लागला. खरं 'लिअर' म्हणजे नक्की कुठलं?

मुळात गोष्टच शेक्सपिअरची नाही. गोड बोलणाऱ्या थोरल्या दोघींना राज्य वाटून देणारा आणि खरं बोलणाऱ्या धाकटीला हाकलणारा म्हातारा राजा ही जुनी दंतकथा आहे. लंडनमध्ये १५९४ साली तिच्यावरचं एक नाटक होऊन गेलं होतं, ते १६०५ मध्ये छापलंही गेलं. त्यात राजाला राज्य परत मिळतं, धाकटी जिवंत राहते, सगळं गोड. म्हणजे शेक्सपिअरने ही गोष्ट हातात घेतली तेव्हा बऱ्याच लोकांना शेवट ठाऊक असणार. आणि या माणसाने नेमका तोच बदलला! धाकटीला तुरुंगात फास देऊन मारतात. तिचं प्रेत हातांवर घेऊन म्हातारा येतो, आणि तिथेच संपतो. २६ डिसेंबर १६०६ ला, म्हणजे ऐन ख्रिसमसच्या सुट्टीत, राजा जेम्ससमोर याचा प्रयोग झाला. काय सण साजरा झाला असेल कल्पना करा.

बरं, शेक्सपिअरचं तरी एकच व्हर्जन असावं की नाही? तेही नाही. १६०८ ची छापील प्रत वेगळी आणि त्याच्या मृत्यूनंतर १६२३ साली निघालेल्या संग्रहातली वेगळी. पहिलीतल्या सुमारे ३०० ओळी दुसरीत नाहीत, दुसरीतल्या सुमारे १०० पहिलीत नाहीत. नाटकातलं शेवटचं भाषणसुद्धा दोन प्रतींत दोन वेगळ्या पात्रांच्या तोंडी आहे. पुढचे संपादक बिचारे दोन्ही मर्ज करत बसले. शेवटी १९८६ साली ऑक्सफर्डच्या संपादकांनी हात टेकले आणि दोन्ही नाटकं स्वतंत्र छापली.

पण खरी गंमत १६८१ ची. नेहम टेट नावाच्या कवीने ठरवलं की हे फारच होतंय. त्याने कॉर्डेलियाला वाचवलं, लिअरला गादी परत दिली, विदूषकाला नाटकातून काढून टाकलं आणि कॉर्डेलियाचं एडगरशी जुळवून दिलं. मूळ नाटकात हे दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलत नाहीत हो! आणि हे 'लिअर' इंग्लंडच्या रंगभूमीवर जवळजवळ दीडशे वर्षं चाललं. मधे राजा तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाला, तेव्हा १८२० मध्ये तो मरेपर्यंत दहाएक वर्षं लंडनमध्ये कुठलंच 'लिअर' होऊ दिलं नाही. वेडा राजा एकाच वेळी सिंहासनावर आणि स्टेजवर नको. १८२३ मध्ये एडमंड कीनने मूळ शेवट करून पाहिला, पण तो टिकला नाही. विदूषक परत आला तो थेट १८३८ साली, मॅक्रेडीच्या प्रयोगात. तोसुद्धा भीत भीत, एका तरुण नटीला ती भूमिका देऊन.

टेटला हसणं सोपं आहे. मीही हसलो. पण डॉ. जॉन्सनसारखा खडूस विद्वान १७६५ च्या आपल्या आवृत्तीत लिहून गेलाय, की कॉर्डेलियाच्या मृत्यूचा त्याला इतका धक्का बसला होता, की संपादनाचं काम अंगावर येईपर्यंत ते शेवटचे प्रवेश पुन्हा वाचायचं बहुधा धाडसच झालं नाही.

आता या सगळ्यावर 'नटसम्राट' ठेवून बघा. १९७० साली शिरवाडकरांनी राज्य काढून टाकलं, राजा काढला, तिसरी मुलगी काढली. उरला निवृत्त नट गणपतराव बेलवलकर. सगळी पुंजी मुलगा आणि मुलीत वाटून मोकळा झालेला, शेजारी कावेरी. श्रीराम लागूंनी तो उभा केला. पण शिरवाडकरांनी शेवटाला हात लावून तो गोड केला नाही. बेलवलकरांना काही परत मिळत नाही. (तो बूटपॉलिशवाला राजा म्हणजे मला थोडा लिअरचा विदूषकच वाटतो, पण हे आपलं माझं मत.) ज्यांना मुळाजवळचं हवं त्यांच्यासाठी विंदांचा 'राजा लिअर' आहेच. पण दीडशे वर्षं लंडनमध्ये शेक्सपिअरच्या नावावर जे चाललं त्यापेक्षा 'नटसम्राट' लिअरच्या जास्त जवळचं आहे, यावर मी आता कँटीनमध्ये भांडायला तयार आहे.

असो. मागच्या रविवारी टीव्हीवर २०१६ चा 'नटसम्राट' सिनेमा लागला होता. बाबा नेहमीप्रमाणे शेवटच्या अर्ध्या तासाआधी उठले आणि झाडांना पाणी घालायला बाल्कनीत गेले.

"बाबा, शेवट बघत नाही का?"

"माहितीये मला शेवट."

बाल्कनी माझ्या फ्लॅटची. तिच्या डाउन पेमेंटमध्ये बाबांच्या पीएफचे पैसे आहेत. मी चॅनेल बदललं.