कॅमदंड-स्थिती संवेदक

मोटारगाडीच्या एंजिनातील झडपांची उघडझाप करणाऱ्या कॅमदंडाची स्थिती ओळखून ती विद्युत् संकेतरूपाने नियंत्रक संगणकास कळविणारे साधन. चार धावी एंजिनाच्या एका आवर्तनात भुजादंडाचे (क्रँकशाफ्टचे) दोन फेरे होतात, कॅमदंडाचा एकच. या काळात दट्ट्या सिलिंडराच्या माथ्याशी दोनदा येतो : एकदा संपीडनाच्या व एकदा निष्कासाच्या अखेरीस. यांतील भेद भुजादंडाच्या स्थितीवरून कळत नाही. तो कॅमदंडावरून कळतो.

पूर्वी हे काम वितरक (डिस्ट्रिब्यूटर) करीत असे. मुंबईतील कुर्ला येथे तयार होणाऱ्या फियाट ११०० व पुढील प्रीमियर पद्मिनी या मोटारींत कॅमदंडाच्या गतीने फिरणारा वितरक योग्य सिलिंडरास ठिणगी पुरवी. त्यातील संपर्कबिंदूंमधील फट कारागीर पातळ पट्टीने मोजून जुळवीत.

नव्या साधनाचे मूळ १८७९ मधील एका शोधात आहे. प्रवाह वाहणाऱ्या पट्टीवर लंब दिशेने चुंबकीय क्षेत्र लावल्यास तिच्या दोन कडांमध्ये विद्युत् दाब निर्माण होतो, असे अमेरिकन भौतिकीविज्ञ एडविन हॉल यांना आढळले. धातूंत हा दाब अत्यल्प असतो. अर्धसंवाहक उपलब्ध झाल्यावर तो व्यवहारोपयोगी ठरला. कॅमदंडावरील चक्राचे दाते संवेदकाजवळून जाताना त्यातील चुंबकाचे क्षेत्र बदलते व त्यानुसार संकेत उमटतो. एंजिन मंद फिरत असतानाही तो स्पष्ट मिळतो. त्यावरून संगणक प्रत्येक सिलिंडरात इंधन केव्हा फवारावयाचे ते ठरवितो.

भारतात या बदलास वायुप्रदूषणाच्या निर्बंधांनी गती दिली. २००० मध्ये मोटारींसाठी कडक मानके आली. भारत स्टेज-४ मानके २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर इ. शहरांत व २०१७ मध्ये देशभर लागू झाली. २०२० पासून भारत स्टेज-६ मानके आहेत. वाहनांच्या चाचण्या व प्रमाणन करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था (स्थापना १९६६) पुणे येथे आहे.

इंधनाची बचत व स्वच्छ ज्वलन हे लाभ मोठे असले, तरी दुरुस्तीचे स्वरूप पालटले. माहूरगडाच्या चढावर जुनी मोटार बंद पडल्यास संपर्कबिंदू काचकागदाने घासून ती बहुधा चालू करता येई. संवेदक निकामी झाल्यास काही एंजिने केवळ भुजादंडाच्या संकेतावर चालतात, काही सुरूच होत नाहीत. तो घासून सुधारत नाही, बदलावाच लागतो. दोष तारेत आहे की संवेदकात, हे ठरविण्यास निदान-उपकरण लागते. त्यामुळे शहरांपासून दूरच्या गावांतील कारागिरास हाताच्या कसबाबरोबर विद्युत् संकेत वाचण्याचे शिक्षणही आवश्यक झाले आहे.