चुन्याच्या भिंती आणि लपलेली ओल

हैदराबादची हवा कोरडी आहे असा बाहेरच्या माणसाचा समज असतो, आणि तो खोटा नाही. वर्षाकाठी पाऊस सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांतला. उरलेले दिवस ऊन आणि धूळ. त्यामुळे कोकणातून किंवा वसईकडून आलेल्या पाहुण्यापुढे कोणी घरातल्या बुरशीची तक्रार केली, तर त्याला हसू येते. त्याच्याकडे आषाढात चपलांवर, पेटीतल्या कपड्यांवर, फळीवरच्या पुस्तकांवर बुरा चढतो आणि तो उघड्या डोळ्यांनी दिसतो. शत्रू दारात उभा असल्यामुळे तेथील माणूस सावध असतो. हैदराबादची ओल मात्र दारात उभी राहत नाही. ती भिंतीच्या पोटात बसते. कपाटामागचा कुबट वास, पावसाळा संपल्यावरही न हटणारा लहान मुलाचा खोकला, तैलरंगाला आलेले फोड, बुडाशी सुटलेला पांढरा खार, ज्याला आपले जुने लोक ‘लोणा लागला’ असे म्हणत, एवढ्याच तिच्या खुणा.

अलीकडे अशा घरांत प्रयोगशाळेची माणसे बोलावून बुरशीची चाचणी करून घेण्याची प्रथा पडू लागली आहे. प्रथा वाईट नाही. परंतु चाचणीने बुरशीचे नाव कळते. पाणी कोठून आले ते कळत नाही. ते कळण्यासाठी भिंतीचा इतिहास विचारावा लागतो, आणि या शहरात तो शहराच्या इतिहासाहून वेगळा नाही.

१५९१ साली चारमिनार उभा राहिला तेव्हापासून पुढे सुमारे सव्वातीनशे वर्षे हे शहर दगड आणि चुना या दोन पदार्थांनी बांधले गेले. ग्रॅनाइटला येथे तोटा नाही. ज्या खडकावर शहर वसले तोच तो. ग्रॅनाइट पाणी फारसे पीत नाही, परंतु दोन दगडांमधला चुना पितो. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होते आणि त्याची त्यांना भीती नव्हती. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो ओल घेतो आणि ऊन पडताच परत देतो. हैदराबादला उन्हाची वाण नाही. पाणी मुळीच आत येऊ द्यायचे नाही हा आग्रह त्या बांधणीत नव्हता. आलेल्या पाण्याला बाहेर जायची वाट ठेवायची, एवढाच होता. घाणीत मळलेल्या चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा असे पदार्थ घालीत, ते तो चिवट व्हावा म्हणून. त्यांनी भिंतीचा श्वास कोंडत नसे.

तीच गोष्ट सफेदीची. पावसाळा सरला की दसरा-दिवाळीच्या सुमारास भिंतींना चुना द्यायचा ही आपली रीत केवळ शोभेची नव्हती. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असतो आणि त्याच्यावर बुरशी रुजत नाही. दरवर्षी नवा हात फिरला की मागील चार महिन्यांत रुजलेले सगळे मरत असे. मराठवाड्यातून येथे येऊन सुलतान बाजार, गवळीगुडा, काचीगुडा या भागांत राहिलेल्या कुटुंबांना हे शिकवावे लागले नसेल. पावसाच्या आधी माळवदावर पांढरी माती टाकायची आणि पावसानंतर भिंती सारवायच्या, असा दुहेरी पाठ त्यांच्या गावाकडच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला होता. घराचा चौक उघडा, विहीर चौकात किंवा परसात, न्हाणीघर एका कडेला. पाणी घराच्या मध्यावर असूनही भिंतींपासून लांब होते.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने हे सर्व बुडविले. त्या पुरात सुमारे १५,००० माणसे मृत्युमुखी पडली असे मानले जाते, आणि हजारो घरे कोसळली. नदीकाठच्या चिंचेच्या एका झाडावर चढून दीडशे माणसे वाचली. ते झाड आज उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात दाखवितात. जी घरे पडली त्यांचा हिशेब लागला. जी उभी राहिली त्यांच्या भिंतींत पाण्याबरोबर जो क्षार शिरला, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. एका वास्तूने मात्र तो स्वतःच ठेवला आहे. पत्थरगट्टीजवळच्या बादशाही आशुरखान्यात १६११ च्या सुमाराचे, रंगीत चिनी तुकड्यांचे जे अप्रतिम जडावकाम आहे, त्याचा खालचा भाग पुराच्या पाण्याने खराब झाला. पुढे त्या जागी तशीच नक्षी रंगाने काढण्यात आली. भिंतीपुढे उभे राहून वरून खाली पाहत आले की एका उंचीवर चकाकी संपते आणि रंगकाम सुरू होते. इतिहास शिकविणाऱ्याला याहून स्पष्ट लेख क्वचितच मिळेल.

पुरानंतर विश्वेश्वरय्यांना पाचारण करण्यात आले. त्यांच्या योजनेतून १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर हे जलाशय झाले. १९१२ साली नगर सुधार मंडळ स्थापन झाले. त्याने गलिच्छ वस्त्या हटवून हवेशीर घरे आणि रुंद रस्ते केले. हे सर्व शहराच्या भल्याचेच झाले. परंतु त्यातून एक नवी गोष्ट घडली, तिच्याकडे माझ्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. विहीर चौकात होती. नळ भिंतीत आला. पुढच्या काही दशकांत जुन्या घरांच्या भिंती फोडून लोखंडी नळ्या बसविण्यात आल्या, माडीवर न्हाणीघरे झाली, छपरावर टाक्या चढल्या. लोखंड गंजते. सांध्यातून थेंब थेंब झिरपणारे पाणी वर्षाच्या बाराही महिने भिंतीला मिळू लागले, आणि ज्या भिंतीला वर्षातून सात महिने वाळण्याची सवय होती तिला ती उसंतच राहिली नाही.

त्याच काळात दुसरा पाहुणा आला, तो म्हणजे सिमेंट. लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ साली त्याचे पेटंट घेतले होते. आपल्याकडे पोरबंदरला १९१४ साली सिमेंट निघू लागले, आणि ज्याच्या फरश्या आपल्या प्रत्येक वाड्यात दिसतात त्या शहाबादला, निजामी राज्यातच, त्याचा कारखाना उभा राहिला. नव्या बांधणीला सिमेंट उत्तमच. घोटाळा झाला तो जुन्या भिंतीवर त्याचा गिलावा चढविल्यामुळे. सिमेंट कठीण आणि घट्ट. चुन्याची भिंत मऊ, ऊन-पावसाबरोबर किंचित हलणारी. दोघांची संगत जमत नाही. सिमेंटला केसासारख्या चिरा पडतात, त्यांतून पाणी आत ओढले जाते आणि बाहेर पडायला वाट नसल्यामुळे आतल्या बाजूने, म्हणजे आपल्या निजायच्या खोलीत, उतरते. क्षार गिलाव्यामागे साकळून स्फटिक होतात आणि पोपडे फोडून काढतात. घरमालकाला वाटते, गिलावा कच्चा झाला. तो आणखी सिमेंट लावतो, वर तैलरंग देतो. चौकात फरसबंदी करतो, म्हणजे जमिनीची वाफही भिंतीकडेच वळते. दरम्यान रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात. जेथे तीन पायऱ्या चढून ओट्यावर जावे लागे तेथे आता एक पायरी उतरावी लागते, आणि जोते जमिनीखाली गेलेले असते.

हा केवळ माझा तर्क नव्हे. गोवळकोंड्याजवळच्या कुतुबशाही कबरींचा जीर्णोद्धार आगाखान सांस्कृतिक न्यासाने राज्याच्या पुरातत्त्व खात्याबरोबर २०१३ साली हाती घेतला आणि तो २०२४ साली पूर्ण झाला. विसाव्या शतकात दुरुस्ती म्हणून घुमटांवर आणि भिंतींवर चढविलेले सिमेंटचे थर काढून टाकणे हे त्यातले एक मोठे काम होते. त्या जागी कारागिरांनी पुन्हा चुन्याचाच गिलावा केला. ज्या दुरुस्तीवर पैसा खर्च झाला होता ती उतरविण्यासाठी पुन्हा पैसा खर्चावा लागला.

सगळ्या इमारतींचे नशीब असे नसते. अफझलगंजचे जुने रुग्णालय १९०८ च्या पुरात गेले. त्यानंतर सातव्या निजामाच्या कारकिर्दीत व्हिन्सेंट एश यांच्या आराखड्याप्रमाणे मुसीकाठी उस्मानिया रुग्णालयाची भव्य इमारत झाली. तिच्या छपरांवर झाडे रुजली, नळांची गळती भिंतींत मुरत गेली, गिलाव्याचे तुकडे खाली पडू लागले. जुलै २०२० मध्ये पावसाचे पाणी थेट वॉर्डांत शिरले आणि जुनी इमारत रिकामी करण्यात आली. ती पाडावी की दुरुस्त करावी, हा वाद वर्षानुवर्षे चालला, न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २०२५ मध्ये गोशामहल येथे नव्या रुग्णालयाची पायाभरणी झाली. रोग्यांना कोरडी, सुरक्षित जागा मिळाली पाहिजे यात शंकाच नाही. परंतु गळता नळ वेळीच न बदलल्याचे प्रायश्चित्त इमारतीने घ्यावे, हे मला पटत नाही.

या संदर्भात एक फार जुना दाखला सांगण्यासारखा आहे. बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीवर उठणाऱ्या हिरवट-तांबड्या चट्ट्यांविषयी नियम दिले आहेत. याजकाने येऊन पाहावे, त्याआधी घर रिकामे करावे. सात दिवस घर बंद ठेवून पुन्हा पाहावे. चट्टे पसरले असतील तर तेवढे दगड काढून, गिलावा खरवडून गावाबाहेर टाकावा, नवे दगड बसवून नवा गिलावा करावा. एवढे करूनही चट्टे परत आले तरच घर पाडावे. धर्मविधीचा भाग बाजूला ठेवला तरी यातला क्रम पाहण्यासारखा आहे. निरीक्षण, थांबणे, पुन्हा निरीक्षण, दुरुस्ती, आणि पाडणे सर्वांत शेवटी.

आता आजच्या चाचणीविषयी. हवेतील बुरशीचे बीजाणू यंत्राने ओढून किंवा पोषक थराच्या बशीवर धरून प्रयोगशाळेत वाढवितात आणि मोजतात. घराबाहेरच्या हवेचाही नमुना घेऊन तुलना करतात. श्रावणातल्या हवेत बाहेरच बीजाणू अमाप असतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे. किती आकडा सुरक्षित आणि किती घातक, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालच्या आपल्या मार्गदर्शिकेत ठरविलेली नाही. तसे ठरविण्याजोगे ज्ञान नाही असेच तिने सांगितले. मात्र ओलसर घरांत राहणाऱ्यांना दमा आणि श्वासाचे विकार अधिक होतात, म्हणून ओल हटवावी, हे तिने निःसंदिग्ध सांगितले. २०२१ साली ‘काळी बुरशी’ या नावाने म्युकरमायकोसिसची जी दहशत पसरली, तिच्यामुळे भिंतीवरचा प्रत्येक काळा डाग म्हणजे तोच रोग अशी समजूत अनेकांची झाली. ती चुकीची आहे. काळ्या डागांच्या बुरशा बहुधा निराळ्याच असतात. डाग डोळ्यांना दिसत असेल तर त्याचे नाव शोधण्यासाठी पैसे घालविण्यात फारसा अर्थ नाही. वास येतो पण काहीच दिसत नाही, किंवा घरात प्रतिकारशक्ती क्षीण झालेला रुग्ण आहे आणि वैद्यांनी सुचविले आहे, अशा वेळी चाचणी अवश्य करावी.

ओल मोजण्याची दोन टोकांची एक विद्युत्-मापी मिळते. लाकडावर ती उपयोगी पडते, परंतु आपल्या जुन्या भिंतींवर ती फसते. भिंतीतल्या क्षारांमुळे वीज सहज वाहते आणि कोरडी भिंतही ओली दिसते. त्या आकड्यावर विसंबून महागडी रसायने टोचून घेण्यापूर्वी एक साधा प्रयोग करावा. कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत तो होईल. भिंतीला संथपणे भोक पाडून दोन इंच खोलीवरची पूड काढायची: एक नमुना हातभर उंचीवरचा, एक कमरेएवढ्या, एक डोक्याएवढ्या. प्रत्येक नमुना बुचाच्या बाटलीत ठेवून ताबडतोब तोलायचा, १०५ अंश सेल्सियसवर वाळवायचा आणि पुन्हा तोलायचा. वजनात पडलेला फरक म्हणजे पाणी. खाली जास्त आणि वर कमी असेल तर पाणी जमिनीतून चढत आहे. मध्येच जास्त असेल तर नळ तपासा. वर जास्त असेल तर छप्पर आणि पन्हळ. त्याच घरातल्या धडधाकट भिंतीची पूडही तुलनेला घ्यावी. आणि ओल भिंतीची की खोलीतल्या हवेची, एवढेच पाहायचे असेल तर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी भिंतीला चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले तर दोष भिंतीचा. खोलीकडच्या बाजूला जमले तर कोंदट हवेचा, आणि खिडक्या उघडल्या की काम भागते.

कारण सापडून पाणी थांबले तरी भिंत वाळायला वेळ लागतो. बांधकाम करणाऱ्यांचा ढोबळ हिशेब महिन्याला इंचभराचा. जुनी भिंत दोन फूट जाड. दोन्ही बाजूंनी वाळली तरी वर्ष जाते. १३ ऑक्टोबर २०२० रोजी हैदराबादेत एका दिवसात १९० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला आणि कित्येक वस्त्या दिवसेंदिवस पाण्यात राहिल्या. त्या वर्षी दिवाळी १४ नोव्हेंबरला होती. सणापूर्वी ज्या घरांच्या जाड भिंतींना रंग लागला, त्या तोवर जेमतेम इंचभर वाळल्या असतील.