क्षर, झर आणि अक्षर

संस्कृत 'क्षर्' हा मूळ धातू आणि मराठीतील 'झरणे', 'पाझरणे' ही त्याची लोकांच्या तोंडी झिजलेली रूपे, ही मांडणी मराठीच्या अभ्यासात इतकी रुळली आहे, की ते एक गृहीतक आहे याचाच विसर पडतो. १२व्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात 'क्षर्'च्या जागी येणारे आदेश म्हणून खिर, झर, पज्झर आदी धातू नोंदविले. संस्कृत ही प्राकृताची 'प्रकृती' होय असे स्वतः हेमचंद्र मानत असला, तरी 'आदेश' ही स्थानाची संकल्पना आहे, काळाची नव्हे. अमुकाच्या जागी तमुक येते, एवढेच ती सांगते. पुढील अभ्यासकांनी तिच्यात वंशावळ वाचली आणि वंशावळीबरोबर ऱ्हासाची कथाही.

प्रश्न ध्वनीचा आहे. 'क्ष' हा अघोष जोडवर्ण, तर 'झ' सघोष महाप्राण. मग हा घोष आला कोठून? 'क्षत्रिय'चा 'खत्तिय' होतो, 'क्षेत्रा'चे 'शेत' होते; तेथे घोषाचा मागमूस नाही. संस्कृतच्या चौकटीत राहून याचा उलगडा होत नाही. तो अवेस्तेत होतो. तेथे 'क्षत्र'ला 'ख्शथ्र' असा अघोष प्रतिशब्द आढळतो, परंतु 'क्षर्'च्या जोडीला 'ग्झर्' असा सघोष धातू उभा राहतो. याचा अर्थ, भारत-इराणी अवस्थेत दोन निराळे वर्णसमूह होते; अवेस्तेने ते निराळे राखले, तर वैदिक संस्कृतात दोन्ही एकाच 'क्ष'मध्ये मिसळून गेले. पालीतील 'पग्घरति', प्राकृतातील 'पज्झरइ' आणि मराठीतील 'पाझरणे' यांत मात्र तो घोष टिकून आहे. उपलब्ध वैदिक भाषेपासून या रूपांची निष्पत्ती होऊ शकत नाही. ती तिच्या शेजारी नांदणाऱ्या दुसऱ्या एखाद्या बोलीतून आलेली असली पाहिजेत. गमतीचा भाग असा, की ज्या 'झिजणे' या क्रियापदाने अशा रूपांची बोळवण केली जाते, ते स्वतः (संस्कृत 'क्षीयते', प्राकृत 'झिज्जइ') याच साक्षीदारांपैकी एक आहे.

अर्थात हा नियम सरसकट चालविता येत नाही. हेमचंद्राच्या यादीत 'झर'शेजारीच अघोष 'खिर' बसलेले आहे. तेथे संस्कृत उच्चाराचा दाब किंवा बोलींची सरमिसळ संभवते.

पुढचा टप्पा वाङ्मयीन दृष्ट्या अधिक बोलका आहे. ऋग्वेदात 'झ' हा वर्ण अवघ्या एका शब्दात येतो. महाकाव्यांत मात्र 'निर्झर' सर्रास आढळतो, म्हणजे संस्कृतने लोकभाषेतील शब्द उचलला. तोच शब्द मराठी काव्यात परतला तेव्हा भारदस्त तत्सम ठरला आणि घरातला 'झरा' साधा राहिला. काव्यभाषेच्या चर्चेत तत्सम शब्दांना आपसूक मिळणारी प्रतिष्ठा कोणत्या पायावर उभी असते, हे या जोडीइतके क्वचितच उघडे पडते.

'स्रु' या धातूचे नशीब याच्या उलट. ग्रीक 'ऱ्हेओ', इंग्रजी 'स्ट्रीम', जर्मन 'श्ट्रोम' हे त्याचे सगोत्र, (इंग्रजी 'फ्लो' आणि लॅटिन 'फ्लुएरे' मात्र, दिसतात तशी, एकमेकांची नातलग नाहीत, 'फ्लो'चे नाते संस्कृत 'प्लु'शी आहे). मराठीत हे कुळ ग्रांथिकच राहिले. 'स्राव' वैद्यकाकडे गेला, आणि 'स्रोतस्' म्हणजे प्रवाह हा अर्थ मागे पडून 'स्रोत' म्हणजे उगम असा अर्थ आता रूढ झाला. ग्रीकमध्ये याच धातूपासून 'ऱ्हुथ्मोस', म्हणजे लय, निघाला. समुद्राच्या लाटांच्या नियमिततेवरून ही कल्पना सुचली, हे आवडते स्पष्टीकरण एमिल बेंव्हेनिस्त याने १९५१ मध्ये खोडून काढले. प्रारंभी त्या शब्दाचा अर्थ चल वस्तूने घेतलेला क्षणिक आकार असा होता; प्लेटोने तो नृत्यातील, मापाने बांधलेल्या शरीरहालचालींना लावला.

ग्रीकांनी वाहण्यातून लय घडविली, तर भारतीय परंपरेने न वाहण्यातून वर्ण. 'क्षर्'मध्ये वाहणे आणि नासणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. त्याचा ग्रीक सगोत्र 'फ्थेइरो' तर केवळ नाशाचा वाचक आहे. 'अक्षर' म्हणजे जे क्षरत नाही ते. पतंजलीने याखेरीज व्यापणे या अर्थाच्या 'अश्' धातूचाही पर्याय दिला, पण परंपरेत दृढ झाला तो अक्षयत्वाचा अर्थ. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४व्या सूक्तात मात्र निराळेच घडते. त्याच्या ४२व्या ऋचेत वाणीपासून समुद्र वाहतात आणि लगेच 'अक्षर' या कर्त्याला 'क्षर्' हेच क्रियापद जोडलेले आहे. न वाहणारे तेथे वाहते, आणि त्यावर विश्व जगते. व्याकरणाने या विरोधातील स्थिर बाजू तेवढी उचलली. अक्षर पाटीवर गिरविले जाऊ लागले, 'क्षर' तत्त्वचर्चेत राहिला, पाणी 'झर'कडे गेले. आणि 'झरा' व 'अक्षर' हे एकाच धातूचे असल्याचे मराठी कानाला ऐकू येईनासे झाले.