नळीतलं आकाश

मागच्या व्याख्यानात आपण टिंडॉलपाशी थांबलो होतो. 1859 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यानं दाखवलं, की नायट्रोजन-ऑक्सिजनमधून उष्णतेचे किरण आरपार जातात; बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड मात्र ते अडवतात. 1896 मध्ये आऱ्हेनियसनं हिशेब मांडला: कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी तापेल.

1900 साली त्याच्याच देशातल्या, स्वीडनच्या क्नुट ऑंग्स्ट्रॉमनं हा वायू नळीत भरला. वायू कमी केला तरी शोषण जवळपास तेवढंच! म्हणजे शोषायचं ते शोषून झालंय, आणखी वायूनं काय होणार? पुढची पन्नासेक वर्षं बहुतेकांनी हेच धरून ठेवलं.

पण आकाश म्हणजे एक नळी नव्हे. तिथं थरांवर थर असतात. प्रत्येक थर उष्णता शोषतो आणि पुन्हा बाहेरही टाकतो. वायू वाढला, की अवकाशात उष्णता निसटते ती अधिक उंच, अधिक थंड थरातून. म्हणून कमी निसटते. 1956 मध्ये गिल्बर्ट प्लासनं संगणकाच्या मदतीनं असा थराथराचा हिशेब केला. वायू दुप्पट, तर तापमान 3.6 अंशांनी वर, असं त्याचं उत्तर आलं.

आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं यातून एवढंच उचलतो: ऑंग्स्ट्रॉमच्या मोजमापात थोडी ढिलाई असेल, पण खरी गफलत प्रश्नात होती. त्यानं नळीला विचारलं आणि उत्तर आकाशाचं समजलं. त्या गैरसमजात अर्धं शतक गेलं.