आठवणार नाही, म्हणून न्यायचं नाही?

घरात दोन-तीन वर्षांचं मूल असताना अंदमानचा विषय निघाला, की आजी-आजोबा, शेजारी, ऑफिसातले सहकारी असे सगळे एकच सांगतात: आत्ता नको, मूल जरा मोठं होऊ द्या. हा सल्ला इतका रुळला आहे की तो तपासून पाहावा असं कोणाला वाटत नाही. माझ्या मते तो चुकीचा आहे. त्यात खरा अंश आहे, पण तो मुलाच्या वयाबद्दलचा नाही. आपण ज्या पद्धतीने सहल आखतो त्याबद्दलचा आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण तो मांडणारे मुलाच्या काळजीपोटीच बोलतात. त्यांचं म्हणणं असं: इतक्या लहानपणी पाहिलेलं काहीच लक्षात राहत नाही, मग एवढा खर्च कशाला? समुद्र, ऊन, बोट, परकं पाणी, त्यात जवळ मोठं इस्पितळ नाही. मूल आजारी पडलं तर काय? आई-वडिलांनाही विश्रांती मिळत नाही, उलट दमून घरी यायचं. समुद्रच दाखवायचा तर दिवेआगर आहे, गुहागर आहे.

आठवणीचा मुद्दा सगळ्यांत ठामपणे मांडला जातो, म्हणून त्यापासून सुरुवात करू. आयुष्याच्या पहिल्या तीन-चार वर्षांतलं मोठेपणी फारसं आठवत नाही हे खरंच आहे. मानसशास्त्रात त्यावर शंभराहून अधिक वर्षं विचार चालू आहे. पण विसरणं नेमकं कधी घडतं? अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या पॅट्रिशिया बाउअर आणि मरिना लार्किना यांनी मुलं तीन वर्षांची असताना त्यांना आईशी अलीकडच्या घटनांबद्दल बोलायला लावलं आणि पुढे वेगवेगळ्या वयांत त्याच घटना विचारल्या. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यांतल्या ६३ ते ७२ टक्के घटना आठवत होत्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांवर आलं. म्हणजे तिसऱ्या वर्षी पाहिलेला समुद्र मूल पुढची तीन-चार वर्षं मनात बाळगून असतं. ही वर्षं कोणती? भाषा घडण्याची, प्रश्न विचारण्याची, चित्रं काढण्याची. त्या काळात त्याच्यापाशी जे असतं ते पुढे पुसट झालं म्हणून फुकट गेलं असं म्हणता येत नाही.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. ज्या आया मुलाला बोलू देत होत्या, गोष्टीची दिशा त्याच्यावर सोपवून ‘मग काय झालं, अजून सांग’ म्हणत होत्या, त्यांच्या मुलांच्या आठवणी अधिक भरीव होत्या. न्यूझीलंडमधल्या संशोधकांना तर असं दिसलं की माओरी प्रौढांची सर्वांत जुनी आठवण युरोपीय वंशाच्या लोकांच्या मानाने बरीच लहान वयातली असते. माओरी समाजात कुटुंबाच्या, कुळाच्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात, त्याच्याशी संशोधक याचा संबंध जोडतात. मुलाला काय आठवेल हे बरंचसं घरात त्याच्याशी कोण किती बोलतं यावर ठरतं. तेव्हा आठवणार नाही म्हणून घरी थांबण्यापेक्षा परत आल्यावर रोज जेवताना त्याला विचारत राहणं हा खरा उपाय.

आणि मुळात ही कसोटी आपण इतर कुठे लावतो? वर्षाच्या आतल्या बाळाला जेजुरीला नेतात, तुळजापूरला आईच्या पायांवर घालतात, जावळ काढतात, उष्टावण करतात. त्याला हे आठवेल का, असं तिथे कोणी विचारत नाही, आणि ते बरोबरच आहे. घरातल्या माणसांनी मूल बरोबर असताना एकत्र काही पाहिलं, केलं, याला स्वतःचं मोल असतं. तेच मोल समुद्राला नाकारायचं कारण मला दिसत नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र हलक्यात घेण्यासारखा नाही. जगभरात बुडून मरण्याचं प्रमाण एक ते चार या वयोगटात सर्वाधिक आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण त्यातून निघणारा निष्कर्ष ‘समुद्र नको’ असा नाही, कारण एवढं मूल घरातल्या भरलेल्या टबातही बुडू शकतं. निष्कर्ष असा की पाण्यापाशी एका मोठ्या माणसाने हात लांब केला की मूल हाताला लागेल एवढ्याच अंतरावर राहायचं, आणि त्या वेळी मोबाइल पिशवीत ठेवायचा. बुडणारं मूल आरडाओरडा करत नाही. ते गुपचूप खाली जातं. ही पाळी ठरवून घ्यावी: अर्धा तास बाबा, अर्धा तास मावशी. ‘सगळेच बघतायत’ म्हटलं की कोणीच बघत नसतं.

अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये हॅवलॉक बेटावर मगरीच्या हल्ल्यात एका पर्यटक तरुणीचा जीव गेला. म्हणून खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळ मुलाला पाण्यात उतरवायचं नाही, आणि किनाऱ्यावरचा इशाऱ्याचा फलक वाचल्याशिवाय पाय भिजवायचा नाही. वाळूत बारीक माश्या असतात, त्या चावल्या की दोन दिवसांनी अंगभर खाजरे फोड उठतात. पूर्ण बाह्यांचा पोहायचा शर्ट घातला की ऊन आणि माश्या दोन्हींचा बंदोबस्त होतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाचं मलम लावण्यापेक्षा सावलीतच ठेवा, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. माझ्या मते तेवढ्या बाळाला बेटावर नेऊच नये. जुलाब लागले तर ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम कालवायची. पेल्यात थोडी थोडी अंदाजाने घालायची नाही. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमला, गोविंद बल्लभ पंत इस्पितळ आहे, हॅवलॉकवर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. आपल्या डॉक्टरांना विचारून मुलाच्या वजनाप्रमाणे औषधांचे डोस कागदावर लिहून नेले, तर बेटाची भीती बरीच कमी होते.

बोट लागण्याच्या बाबतीत तर लहान मूल मोठ्यापेक्षा बरं. दोन वर्षांच्या आत प्रवासाचा त्रास सहसा होत नाही. तो नंतर सुरू होतो आणि शाळकरी वयात सर्वाधिक असतो. ‘मोठं झाल्यावर नेऊ’ म्हणणारे मुलाला नेमक्या ओकाऱ्यांच्या वयात बोटीवर चढवतात.

आता माझ्या बाजूचा मुख्य मुद्दा, जो या चर्चेत कोणी काढत नाही. अंदमानचा समुद्र साधारण जानेवारी ते एप्रिल सगळ्यांत शांत असतो. मूल शाळेत जाऊ लागलं की सहल दिवाळीच्या नाहीतर मेच्या सुट्टीत ढकलली जाते. दिवाळीच्या सुमारास बंगालच्या उपसागरात वादळांचे दिवस असतात. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नैर्ऋत्य मोसमी वारे देशात सर्वांत आधी अंदमानवरच येतात, समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात आणि कुटुंबं जेट्टीवर सामान घेऊन बसून राहतात. ज्याला अजून पहिली-दुसरी नाही, चाचणी परीक्षा नाही, त्या मुलाला घेऊन फेब्रुवारीत जाता येतं. हे स्वातंत्र्य पाच-सहा वर्षंच मिळतं, आणि ‘मोठं होऊ द्या’ म्हणत आपण नेमकं तेच घालवतो.

शिवाय तिथला दिवसच लहान मुलाच्या सोयीचा आहे. घड्याळ मुंबईचंच, पण अंदमान मुंबईच्या जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला. त्यामुळे सूर्य सव्वा तासाहून अधिक आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. जानेवारीत पावणेसहाच्या सुमारास सूर्य वर येतो, सव्वापाचला मावळतो. पहाटे पाचला टक्क जागं होणारं आणि संध्याकाळी सातला डोळे मिटणारं मूल घरी सगळ्यांना जड जातं. तिथे तेच मूल सूर्याच्या वेळापत्रकाने चालतं. सहा ते नऊ किनाऱ्यावर, मग आंघोळ, जेवण, दुपारी मोठी झोप, चारला पुन्हा पाणी, सातला अंथरूण. सगळ्या घराने याच घड्याळाने राहावं, म्हणजे आई-वडिलांनाही विश्रांती मिळते.

पण आपण असं राहत नाही, आणि पूर्वपक्षातला खरा अंश इथे आहे. नेहमीचं पॅकेज पाहा. पहिल्या दिवशी विमानातून उतरून सेल्युलर जेल आणि रात्री ध्वनी-प्रकाश कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटेची बोट, हॅवलॉक. तिसऱ्या दिवशी एलिफंट बीच, चौथ्या दिवशी नील बेट, पाचव्या दिवशी परत. कोणी वर बारातांगही जोडतं: जिरकाटांगच्या नाक्यावर सकाळच्या ताफ्यात नंबर लागावा म्हणून मुलांना रात्री अडीच-तीनला उठवून गाडीत घालतात. हा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. दमणुकीचं सोडा, गाडीच्या काचेला नाक लावून ‘ते दिसले का’ असं माणसांना शोधणं मुलाने आपल्याकडून शिकू नये. बारातांग लहान मुलांसह वगळाच, आणि त्यांच्याशिवाय जातानाही विचार करा.

अशा सहलीहून परतलेले आई-वडील म्हणतात, लहान मुलांना घेऊन जाऊ नये. दमवलं मुलांनी नाही. रोजच्या बॅगा भरण्याने, जेट्टीवरच्या रांगांनी, तीन बेटांच्या हव्यासाने दमवलं. एकच बेट घ्या, एकच खोली, आणि तिथेच राहा. नीलवरचा भरतपूरचा किंवा हॅवलॉकवरचा विजयनगरचा किनारा लहानांना राधानगरपेक्षा बरा, कारण तिथे पाणी उथळ असतं आणि लाटा कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा ओहोटीला पाणी लांबवर मागे जातं आणि पोवळ्यांचे खडक उघडे पडतात. त्यावर अनवाणी पाय कापतात, म्हणून मुलाच्या पायात रबरी बूट हवेत. तारखा ठरवताना भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहावी आणि भरती-ओहोटीच्या वेळा काढून घ्याव्यात. कोकणाचं कौतुक मलाही आहे, पण पोवळ्यांच्या आडोशाने थोपलेलं, स्वतःची बोटं दिसतील इतकं नितळ पाणी दोन वर्षांच्या पायांना दिवेआगरला मिळत नाही.

नीलच्या किनाऱ्यावर तीन वर्षांच्या एका मुलीला मी शंखातल्या खेकड्यापाशी बसलेलं पाहिलं. तिने शंख उचलला, की आतला जीव पाय ओढून घेई आणि एका मोठ्या नांगीने दार लावून टाकी. ती हात स्थिर ठेवून थांबे. हळूहळू दोन मिशा बाहेर येत, मग दांड्यांवरचे डोळे, मग पाय तळहातावर चालू लागत आणि ती दचकून त्याला वाळूवर ठेवी. तिचे बाबा बोटीची वेळ झाली म्हणून दोनदा येऊन गेले. दर वेळी ती म्हणाली, ‘थांबा, तो येतोय बाहेर.’ बाजूला तिच्या आजीने एक सुंदर रिकामा शंख पिशवीत टाकला होता. तो नेता येत नाही. वन्यजीव कायद्याखाली पोवळी आणि अनेक शंख संरक्षित आहेत आणि विमानतळावर सामान तपासतात. आजीला ते सांगितलं तेव्हा नातीनेच विचारलं, मग हा मोठा झाल्यावर कुठे राहील? खेकडा वाढला की त्याला मोठा रिकामा शंख शोधावा लागतो, हे त्या मुलीने कायद्याआधी ओळखलं.

खर्चाबद्दल थोडक्यात. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला विमानात वेगळी जागा लागत नाही, तिकीट नाममात्र असतं. एकच बेट केलं की बोटींची आणि गाड्यांची भाडी वाचतात. स्कूबाची हौस असेल तर पाळीपाळीने करावी. दहा वर्षांच्या आतल्या मुलाला तशीही समुद्रात टाकी लावून खाली नेत नाहीत.

एका बाबतीत मात्र पूर्वपक्ष पूर्ण बरोबर आहे, आणि मराठी घरांत तीच जागा सर्वांत जिव्हाळ्याची असते. सेल्युलर जेल. १९०६ मध्ये पूर्ण झालेला, ६९८ कोठड्यांचा हा तुरुंग. बाबाराव सावरकर इथे आले, पाठोपाठ १९११ मध्ये विनायकराव. आजी-आजोबांना तिथे हात जोडायचे असतात आणि त्यांना ते मिळालंच पाहिजे. पण तेलाच्या घाण्याला माणूस का जुंपला, हे तीन वर्षांच्या मुलाला कळणार नाही, आणि रात्रीच्या कार्यक्रमातले आवाज त्याला घाबरवतील. आजी-आजोबांनी सकाळी निवांत जावं, त्या वेळी मूल एका पालकाबरोबर बाहेर राहावं. जेल त्याला दहा-बारा वर्षांचं झाल्यावर दाखवा, आधी इतिहास वाचून घेऊन. त्यासाठी पुन्हा अंदमानला जावं लागलं तर जा.